बिल्ज पंप मोठा घेऊ का? आधी बॅटरी कुठे जाते ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा: दाभोळच्या खाडीत नांगरून ठेवलेली २६ फुटी फायबरची होडी, आत डिझेल इंजिन. मालक आठवडाभर पुण्यात, शनिवार-रविवार होडीवर. गेल्या हंगामात बिल्जमधलं, म्हणजे होडीच्या तळात साचलेलं पाणी उपसणारा, तासाला ११०० गॅलनचा पंप आणि वेगळा फ्लोट स्विच (पाणी चढलं की तरंगून पंप आपोआप चालू करणारा) बसवला. त्यानंतर दोनदा बॅटरी पार उतरलेली सापडली, आणि तिसऱ्या वेळी इंजिनासमोरची फळी पाण्यावर तरंगत होती. आता २००० गॅलनचा पंप लावला तर हे थांबेल का?

नाही थांबणार. मोठा पंप जास्त करंट ओढतो, म्हणजे तीच बॅटरी आणखी लवकर बसेल. तुमचा पंप पाणी उपसायला कमी पडला म्हणून होडी भरली, असं दिसत नाही. बॅटरी आधी संपली आणि मग होडी भरली. म्हणून खरा प्रश्न असा आहे: कोणी होडीवर नसताना बॅटरी कशात जाते?

थोडा हिशेब करू. २६ फूट लांब आणि ७ फूट रुंद होडीवर वरून पडणारं पाणी साधारण १३ चौरस मीटरवर पडतं. १०० मिमी पाऊस झाला तर १३०० लिटर. पंपाच्या खोक्यावरचे ११०० गॅलन म्हणजे तासाला ४१६० लिटर, पण तो आकडा पाइप न जोडता, पाणी अजिबात वर न चढवता, पूर्ण व्होल्टेजवर मोजलेला असतो. मीटरभर चढ, तीन मीटर पाइप आणि थकलेली बॅटरी धरली तर तासाला २५०० लिटर मिळाले तरी समाधान मानायचं. तरीही ते १३०० लिटर अर्ध्या तासात बाहेर जातात. पंप साधारण साडेतीन अँपिअर घेत असेल, तर खर्च दोन अँपिअर-तासांच्या आत (एक अँपिअर करंट तासभर घेतला की एक अँपिअर-तास). २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला होता. तेवढा पाऊस तुमच्या होडीवर पडला तरी पंपाला जेमतेम पाच तासांचं काम आणि १७-१८ अँपिअर-तास खर्च. १०० अँपिअर-तासांच्या चांगल्या बॅटरीला ते सहज झेपतं.

याउलट फ्लोट वर अडकला आणि पंप फिरतच राहिला, तर दिवसाला ऐंशीच्या वर अँपिअर-तास जातात. कोरडा फिरताना करंट कमी होतो, पण दीड-दोन दिवसांत निकाल लागतोच. सोमवारी तुम्ही पुण्यात पोचता, बुधवारी बॅटरी मेलेली, गुरुवारी पाऊस, आणि शनिवारी फळी तरंगतेय.

फ्लोट अडकतो का, हे सगळ्यात आधी बघा. तो बोटाने उचला, पंप सुरू होईल. हळूच सोडा, आपल्या वजनाने खाली पडायला हवा. पडतो, पण शेवटच्या अर्ध्या इंचात रेंगाळतो, असं दिसलं तर तिथेच गुन्हेगार सापडला. बिजागरीत जाळ्याचा नायलॉन धागा, माशाचे खवले, डिझेल आणि गाळाचा चिकट थर, गुटख्याची पुडी, यांपैकी काहीतरी निघतं. कधी कधी फ्लोट मोकळा असतो, पण त्याची स्वतःची वायरच ताठ होऊन त्याला वर धरून ठेवते. नव्या फ्लोटच्या वायरला बिजागरीजवळ थोडा सैलपणा ठेवायचा तो याचसाठी. फ्लोट हलवला की आत पाणी खळखळतं किंवा तो पाण्यात अर्धवट बुडून राहतो, तर त्याच्या आत पाणी शिरलंय. तो दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका, नवा लावा.

दुसरं कारण जास्त फसवं आहे, आणि तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य वाचून मला त्याचाच संशय जास्त येतो. तुम्ही लिहिलंय की पंप "मधूनमधून आपोआप चालू-बंद होतो, म्हणजे काम करतोय". होडीत पाणी येत नसताना तो चालू-बंद होत असेल तर ते काम नव्हे. पंप थांबला की पाइपात चढलेलं पाणी परत तळात उतरतं. २८ मिमी पाइप तीन मीटर लांब असेल तर त्यात पावणेदोन लिटरच्या वर पाणी मावतं. तुमच्या होडीचा तळ व्ही आकाराचा, खाली अरुंद. तिथे दोन लिटर पाणी परत आलं की पातळी एवढी चढते की फ्लोट पुन्हा उचलला जातो. पंप सुरू, पाच सेकंदांत पाणी पाइपात, पंप बंद, पाणी परत खाली. तेच पाणी रात्रंदिवस वर-खाली. एक तृतीयांश वेळ पंप चालू राहिला तरी दिवसाला २५-३० अँपिअर-तास जातात, आणि होडीबाहेर एक थेंब जात नाही. तपासणी सोपी आहे: तळ स्पंजने कोरडा करा, तीन-चार बादल्या पाणी ओता, पंपाला उपसू द्या आणि थांबल्यावर मोबाइलवर दोन मिनिटं लावून बघत बसा. पुन्हा सुरू झाला तर कारण सापडलं.

यावर दुकानदार हटकून एकच उपाय सांगतो, पाइपात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाका. या जातीच्या पंपाला तो टाकू नका. हे पंप पाणी फेकणारे आहेत, दाबाने ढकलणारे नाहीत. व्हॉल्व्हच्या वर पाण्याचा खांब उभा राहिला आणि खाली पंपात हवा अडकली, तर पंखा त्या हवेतच गरगरतो आणि झडप काही उघडत नाही. पंपाचा आवाज येतो, पाणी जात नाही, आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे. झडपेत खवला अडकला तर वेगळीच गंमत. त्यापेक्षा पाइप शक्य तेवढा आखूड करा, आणि फ्लोट पंपाच्या बुडापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर उंच बसवा. व्ही आकारात वर गेलं की जागा रुंदावते, त्यामुळे दोन लिटर परत आले तरी पातळी फारशी चढत नाही. तळात दोन-तीन लिटर पाणी कायम राहील. राहू दे. पंपाने तळ कोरडाठाक करावा ही अपेक्षाच चुकीची आहे, शेवटचं पाणी स्पंजचं. उलट फ्लोट पंपाच्या जाळीपेक्षा खाली बसला असेल तर पंप हवा ओढत राहतो आणि कधीच बंद होत नाही. तेही तपासून घ्या.

काही पंपांना फ्लोट नसतोच. ते दर अडीच मिनिटांनी सेकंदभर फिरून पाणी आहे का बघतात. त्याचा खर्च दिवसाला सुमारे अर्धा अँपिअर-तास, म्हणजे बॅटरी त्याने बसत नाही. पण जाळी तुंबली की पंपाला पाण्याचा अंदाजच चुकतो. कोणी राहत नसलेल्या होडीवर मला वेगळा फ्लोट बरा वाटतो, कारण तो हाताने उचलून बघता येतो.

आता खाडीची खास अडचण. तुमची होडी ओहोटीला चिखलावर बसते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बसत असेल तर बरंच काही बदलतं. चिखलात होडी एका कुशीवर कलते. तळातलं पाणी त्या बाजूला जमतं, आणि मधोमध बसवलेला फ्लोट किंवा पंप यांतला एखादा कोरडा पडतो. फ्लोट खालच्या अंगाला आणि पंप वरच्या अंगाला असेल तर फ्लोट म्हणतो पाणी आहे, पंपाला ते मिळत नाही, आणि सहा तास पंप कोरडा फिरतो. म्हणून दोघं एकमेकांना चिकटून, होडीच्या मध्यरेषेवर, एकामागे एक हवेत. शेजारी-शेजारी नकोत. फ्लोट होडीच्या लांबीच्या दिशेने, बिजागरी नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे.

याहून वाईट गोष्ट पाणी बाहेर टाकणाऱ्या तोंडाची. कललेल्या बाजूलाच ते तोंड असेल, होडी चिखलात रुतून बसली असेल आणि भरती चढायला लागली, तर होडी सुटून सरळ व्हायच्या आत तोंड पाण्याखाली जाऊ शकतं. मग खाडी तुमच्याच पाइपातून उलटी आत येते. पंप ते पाणी बाहेर टाकतो, थांबतो, पाणी पुन्हा आत. पाइपाचा एकदा सायफन बसला की आतली आणि बाहेरची पातळी सारखी होईपर्यंत तो थांबत नाही. म्हणून तोंड जमेल तितकं वर, काठाच्या रबराच्या लगेच खाली. होडी नेहमी एकाच अंगाला कलत असेल तर दुसऱ्या अंगाला. पाण्याची रेषा मोजताना रिकामी होडी धरू नका. डिझेल भरलेलं, बर्फ, जाळी आणि चार माणसं एका काठावर उभी, अशा स्थितीत तोंड पाण्याच्या किमान २० सेंटिमीटर वर राहायला हवं. जागेमुळे तेवढी उंची मिळत नसेल तर पाइपाची कमान काठापर्यंत वर नेऊन तिच्या माथ्यावर हवा घेणारी झडप बसवावी लागते. ती झडप मिठाने बंद होते, म्हणून वर्षातून एकदा उघडून गोड्या पाण्याने धुवायची. दोन पंप असतील तर दोन स्वतंत्र पाइप आणि दोन तोंडं. टी लावून एकात जोडले की एकाचं पाणी दुसऱ्यातून परत येतं.

पाइपाबद्दल एवढंच सांगतो: आतून गुळगुळीत पाइप घ्या. तो स्वस्त, पांढरा, वळ्यावळ्यांचा पाइप बरंच पाणी खातो, आणि इंजिनाच्या उष्णतेने वर्षभरात तडकतो. पंपापासून तोंडापर्यंत पाइप सतत चढता हवा. मध्ये कुठे पोट पडलं की तिथे पाणी साचून पंपाकडे हवा कोंडते. पंपाच्या तोंडाचं माप आणि पाइपाचं माप एकच. २८ मिमीचं तोंड १९ मिमी पाइपात कोंबलं तर मोठ्या पंपाचे पैसे पाण्यात.

एकदा सगळं बसवल्यावर खोक्यावरचा आकडा विसरा आणि मोजा. रंगाची २० लिटरची रिकामी बादली तोंडाखाली धरा, इंजिन बंद ठेवून पंप चालवा, सेकंद मोजा. २९-३० सेकंदांत भरली तर तासाला सुमारे २५०० लिटर. पन्नास सेकंद लागले तर पाइप, वायर किंवा जाळी यांतलं काहीतरी नाडतंय. हा आकडा मार्करने पंपाच्या स्विचजवळ लिहून ठेवा. पुढच्या वर्षी पंप म्हातारा झाला का, हे त्या आकड्याशी ताडून कळेल.

पंप तळाला कसा बसवला आहे? स्क्रू थेट होडीच्या तळात मारलेले असतील तर ते काढून भोकं रेझिनने बुजवा. फायबरची एक छोटी पट्टी किंवा सगळ्या बाजूंनी रेझिन लावलेला मरीन प्लायचा तुकडा तळाला रेझिनने चिकटवायचा, आणि पंपाचं बूड त्यात स्क्रूने धरायचं. स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. ३०४ला बिल्जच्या खाऱ्या पाण्यात खड्डे पडतात. काठाजवळ तोंडासाठी भोक पाडलं की कापलेल्या कडेला रेझिन पाजा, मग पॉलियुरेथेन सीलंट लावून फिटिंग बसवा. आणि पंप खरोखर सगळ्यात खालच्या जागी आहे का, हे होडी पाण्यात असताना, बादलीभर पाणी ओतून बघा. कारखान्यातल्या ट्रॉलीवर जी जागा खोल दिसते ती पाण्यात असेलच असं नाही. आडव्या पट्ट्यांखाली पाणी वाहून यायला जी भोकं ठेवलेली असतात ती गाळाने बुजलेली असली, तर नाळेकडे शंभर लिटर साठून राहतात आणि मागचा फ्लोट निवांत असतो.

आता वायर. निम्मे पंप इथे मरतात.

जोडणीचा क्रम असा: बॅटरीचा प्लस, त्याच्यापासून वीतभराच्या आत फ्यूज, तिथून तीन बाजूंचा स्विच (ऑटो, बंद, मॅन्युअल). ऑटोची वायर फ्लोटमधून पंपाच्या प्लसला, मॅन्युअलची वायर फ्लोट टाळून सरळ पंपाच्या प्लसला, आणि पंपाचा मायनस थेट बॅटरीच्या मायनसला. हा सगळा फाटा मुख्य कट-ऑफ स्विचच्या आधी, बॅटरीवरूनच घ्यायचा. नाहीतर होडी सोडताना कट-ऑफ फिरवला की पंपही झोपतो, आणि हे अनेक होड्यांत असंच असतं. आतच फ्लोट असलेल्या पंपाला तीन वायरी येतात. त्यातली ऑटोची कोणती आणि मॅन्युअलची कोणती हे त्याच्या कागदावर बघूनच जोडा, रंगावरून अंदाज करू नका. प्लस-मायनस उलटे झाले तर असा पंप बंद पडत नाही, उलटा फिरतो. आवाज तसाच येतो, पाणी मात्र जेमतेम. नवा पंप "दम नाही" म्हणून परत नेण्याआधी हे बघा.

फ्यूज पंपाच्या लेबलवर लिहिलाय तोच. ११०० गॅलनच्या बऱ्याच पंपांना पाच-सहा अँपिअरचा असतो. पाचचा सारखा उडतो म्हणून पंधराचा लावणारा इलेक्ट्रिशियन मिळाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. फ्यूज उडतो कारण पंख्यात धागा गुंडाळून मोटर अडली आहे. पंधराच्या फ्यूजवर अडलेली मोटर करंट ओढत राहते, गरम होते आणि प्लास्टिक वितळतं.

बॅटरीपासून पंपापर्यंत सहा मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन बारा मीटर तांबं. चार अँपिअरला १.५ स्क्वेअर मिमीच्या वायरीत सुमारे ०.६ व्होल्ट वाटेतच जातात, ४ स्क्वेअर मिमीमध्ये पाव व्होल्टही जात नाही. अडीचची चालते, चारची घ्या, भावातला फरक एका पंपाच्या किमतीपुढे काहीच नाही. वायर कथिलाचा मुलामा असलेल्या तांब्याची हवी. घरगुती वायर बाहेरून छान दिसते, पण टोक सोललं की आत वीतभर हिरवी-काळी झालेली निघते, कारण तांब्याच्या तारांमधून ओल वर चढत जाते.

जोड किती उंचावर आहे हे बघा. पंपाच्या वायरी वीत-दीड वीत लांबीच्या येतात आणि बसवणारा तिथेच, पाण्याजवळ, पिळून काळी टेप गुंडाळतो. बॅटरीवरून थेट आलेला प्लस चोवीस तास त्या जोडात जिवंत असतो. जोड पाण्यात गेला की करंट पाण्यातून वाहतो. एक तर बॅटरी हळूहळू उतरते, आणि दुसरं म्हणजे तो करंट शाफ्ट, होडी ढकलणारा पंखा, पितळी व्हॉल्व्ह यांना खातो. म्हणून जोड पाणी कधी पोचणार नाही एवढा वर, काठाखाली, आतून गोंद असलेल्या श्रिंक स्लीव्हच्या कनेक्टरने दाबून. डाग देऊन केलेला जोड इंजिनाच्या थरथराटाने कडेला तुटतो. मल्टिमीटर असेल तर फ्लोट खाली असताना पंपाच्या फाट्यात करंट मोजा. साध्या फ्लोटला शून्य यायला हवा. ५० मिलिअँपिअर आला तरी दिवसाला सव्वा अँपिअर-तास, आठवड्याला आठ-नऊ.

मग २००० गॅलनच्या पंपाचं काय? त्याला जागा आहे, पण पहिल्याच्या जागी नव्हे. पंपाकडून कसली अपेक्षा ठेवायची ते आधी कळलं पाहिजे. पाण्याच्या रेषेखाली ३० सेंटिमीटरवर इंचभर भोक पडलं, म्हणजे इंजिनाच्या थंड पाण्याचा पाइप निसटला, तर तासाला अडीच ते चार हजार लिटर आत येतात. ११०० गॅलनचा पंप तिथे कसाबसा बरोबरीत. २०००चा ते उपसेल, पण आठ-दहा अँपिअर ओढून, आणि बॅटरीतले वापरण्याजोगे पन्नास अँपिअर-तास पाच-सहा तासांत संपतील. तुम्ही पाच दिवस पुण्यात. म्हणजे निसटलेल्या पाइपावर पंप हा उपायच नाही. उपाय आहे उतरताना सी-कॉक, म्हणजे बाहेरचं पाणी आत घेणाऱ्या भोकावरचा नळ, बंद करणं आणि त्यावरच्या पाइपाला दोन-दोन क्लिपा. होडीवर माणूस असताना मात्र मोठा पंप गळती शोधायला वेळ मिळवून देतो. लावायचाच असेल तर खालच्या पंपापेक्षा १०-१५ सेंटिमीटर वर, स्वतःचा फ्लोट, स्वतःचा पाइप, लेबलप्रमाणे फ्यूज, ६ स्क्वेअर मिमी वायर, आणि त्याच फ्लोटवर एक भोंगा. तो वाजला म्हणजे खालचा हरला, एवढं कळतं.

ऑटोमॅटिक पंपाचा एक तोटा कोणी सांगत नाही: तो गळती लपवतो. शाफ्ट होडीबाहेर जातो तिथे पाणी अडवणाऱ्या ग्लँडमधून सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाला चार-साडेचार लिटर. तो वाढून मिनिटाला अर्धा लिटरची बारीक धार झाली तर दिवसाला ७२० लिटर, पण पंप ते १७-१८ मिनिटांत उपसतो आणि एक अँपिअर-तास घेतो. तुम्हाला तळ नेहमीसारखाच दिसतो. मग एक दिवस ग्लँडमधलं पॅकिंग पुरतं सुटतं. यासाठी पंपाच्या वायरीवर एक छोटा काउंटर बसवा, पंप किती वेळा सुरू झाला ते मोजणारा. शनिवारी आल्यावर आकडा वहीत लिहा. पाऊस नसलेल्या आठवड्यात तो चारचा चौदा झाला तर पंपाकडे नको, ग्लँडकडे बघा. उभ्या होडीत ग्लँड जवळपास कोरडा हवा, शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-तीन थेंब.

तुमच्या बाबतीत मी या क्रमाने जाईन: फ्लोट उचलून बघणं, पाणी ओतून दोन मिनिटांची चाचणी, ओहोटीला होडी कशी बसते ते एकदा जेटीवरून डोळ्यांनी बघणं, जोडांची उंची, मग बॅटरी. पहिल्या दोनांतच उत्तर सापडेल असा माझा अंदाज आहे. खर्च करायची वेळ त्यानंतर.

बॅटरीबाबत परिस्थितीवर अवलंबून आहे. इंजिन आणि पंप एकाच बॅटरीवर असतील तर पंपाने ती बसवली की इंजिनही सुरू होत नाही, आणि मग चार्ज कशाने करणार? पंपाला वेगळी बॅटरी देता आली तर उत्तम. जागा किंवा पैसा नसेल तर २० वॉटचं सोलर पॅनेल आणि छोटा कंट्रोलर बसवा. हिवाळ्यातल्या उन्हात दिवसाला सहा-सात अँपिअर-तास मिळतात, आषाढात त्याच्या चतुर्थांश धरा. एवढं पाऊस उपसायला पुरतं, अडकलेल्या फ्लोटला पुरत नाही. होडीवर चढलात की आधी व्होल्टेज बघायची सवय ठेवा: १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली वारंवार गेली की दोन हंगामांत जाते. तुमची दोनदा शून्याला गेली आहे, तेव्हा तिच्यावर १०० लिहिलं असलं तरी आत १०० उरलेले नाहीत. लोड टेस्ट करून घ्या.

देखभाल फार नाही. दर खेपेला फ्लोट उचला आणि तोंडातून खरंच पाणी पडतं का ते काठावरून वाकून बघा, नुसता आवाज ऐकू नका. महिन्यातून एकदा पंपाची जाळी काढून पंख्याभोवतीचे धागे कात्रीने कापून काढा, साबण आणि गोड्या पाण्याने धुवा. पेट्रोल किंवा थिनर लावू नका, प्लास्टिक आणि सील मऊ पडतात. पावसाळ्यात होडी वर ओढलीत तर पंप ऑटोवर ठेवायचा की बुडाचा बूच काढून ठेवायचा, हे तिथे ताडपत्री कशी घालता त्यावर आहे. मी बूच काढून ठेवायच्या बाजूचा, आणि काढलेलं बूच चावीच्या जुडग्याला बांधून. एक सुटा फ्लोट आणि चार फ्यूज होडीतच डब्यात असू द्या. आणि एक बादली.

इंजिनाखाली तेल गळत असेल तर आधी ते थांबवा. ऑटो पंपाला तेल-पाणी कळत नाही, तो सगळं खाडीत ओततो. इंजिनाखाली ट्रे ठेवा आणि तळात तेल शोषणारी गादी टाका. ती दोरीने बांधा, नाहीतर तीच पंपाच्या जाळीला चिकटते.

शेवटी तुमचा पुण्याचा प्रश्न. पाणी चढलं किंवा बॅटरी १२ व्होल्टच्या खाली गेली की सिमकार्डावरून फोन किंवा मेसेज करणारी छोटी उपकरणं मिळतात. वरच्या, भोंग्याच्या फ्लोटला ते जोडा. खालच्याला जोडलंत तर प्रत्येक सरीला फोन येईल आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही तो बंद कराल. पण फोन आला तरी दाभोळला कोणीतरी होडीवर चढायला हवं. ज्याला सांगून ठेवाल त्याच्यासाठी मॅन्युअलचा स्विच केबिनच्या कुलपाआड नको. काठावरून हात पोचेल अशा जागी, पाणी न जाणाऱ्या झाकणाखाली बसवा, आणि त्यावर मराठीत ठळक लिहा: वर ऑटो, मध्ये बंद, खाली मॅन्युअल. काम झाल्यावर मॅन्युअलवर राहिला तर दीड-दोन दिवसांत बॅटरी पुन्हा तिथेच.